अर्ध्यावरून पूर्ण

सकाळी साडेअकरा वाजता परभणीच्या न्यायालयात साक्षीदार चंद्रभान वाव्हळे यांनी बोट उचलले. पिंजऱ्यात सहा आरोपी उभे होते. बोट त्यांच्याकडे गेले नाही. ते मागच्या बाकावर बसलेल्या दत्तरावांवर थांबले.

कोणीतरी हसले.

"साहेब, शिपायावर बोट जायच्या आत साक्ष आटपा," आरोपींचे वकील म्हणाले.

मार्च १९८९. खटला अकरा वर्षांपूर्वीचा. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि पुढच्या काही दिवसांत मानवतच्या पलीकडच्या एका खेड्यात बौद्ध वस्ती पेटवली गेली. चंद्रभान शेतातून धावत आले. आपले घर पेटवणाऱ्याला त्यांनी समोरासमोर पाहिले. मग बायकोला काढायला ते आत शिरले आणि जळती तुळई डोक्यावर पडली. पंचफुला गेली. चंद्रभान वाचले, पण पाहिलेला चेहरा त्यांच्या डोक्यातून पुसला गेला. त्यांना धुरातून ओढून काढले ते गावातल्या दत्तरावांनी. त्यांनीच बैलगाडीत घालून दवाखान्यात नेले, पुढे आपल्या मळ्यात ठेवून घेतले. मुलगा सुगत तेव्हा परभणीच्या वसतिगृहात होता. दर रविवारी दत्तूकाका त्याच्यासाठी भाकरी घेऊन यायचे.

सुगत आता डॉक्टरेट मिळवून मुंबईच्या एका प्रयोगशाळेत मेंदूच्या धर्तीवर चालणारे यंत्र बनवत होता. ताटाएवढ्या बोर्डावर कृत्रिम पेशी, प्रत्येक पेशी बाकी सगळ्या पेशींना तारेने जोडलेली. त्यात चेहऱ्यांची ढोबळ चित्रे साठवायची. मग अर्धा चेहरा झाकून दाखवला तरी दिवे लुकलुकत आणि पूर्ण चेहरा उमटे. साध्या संगणकात आठवण एका कप्प्यात असते, कप्पा फुटला की संपली. इथे ती सगळ्या जोडण्यांत पसरलेली असे. काही तारा तोडल्या तरी ती टिके. सरकारी वकिलांना हे सुगतनेच समजावून सांगितले होते. वडिलांच्या डोक्यातही तो चेहरा असणार. त्यांनी तेव्हा पाहिला तेवढाच तुकडा त्यांना पुन्हा दाखवा, बाकीचा मेंदू भरून काढेल.

पेटवणाऱ्यांनी तोंडाला उपरणी बांधली होती. म्हणून न्यायाधीशांच्या परवानगीने आज सहाही आरोपींना उपरणी बांधायला लावली. चंद्रभान एकेकाचे डोळे बघत पुढे सरकले. दरवेळी त्यांनी नकाराची मान हलवली. तेवढ्यात मागे दत्तरावांना ठसका लागला. चंद्रभानांना बाहेर काढल्याची त्यांची साक्ष आदल्या दिवशीच झाली होती, म्हणून ते आत बसले होते. त्यांनी खांद्यावरचे उपरणे तोंडावर धरले. चंद्रभान आवाजाच्या दिशेने वळले आणि बघतच राहिले.

"ह्योच," ते म्हणाले. "ह्योच व्हता."

सरकारी वकिलांनी घाईने सुगतला साक्षीसाठी उभे केले. त्याने न अडखळता सांगितले. या पद्धतीत एक दोष आहे. जो चेहरा पुन्हा पुन्हा दाखवला जातो त्याची छाप सगळ्यात खोल पडते. मग तुकडा दुसऱ्याच कोणाचा असला तरी यंत्र तोच चेहरा पूर्ण करून देते. दत्तराव अकरा वर्षे वडिलांच्या डोळ्यांसमोर आहेत. वडिलांच्या मेंदूने हीच चूक केली.

आरोपींचे वकील उठले.

"डॉक्टरसाहेब, असली यंत्रं पुढे माणसं ओळखणार म्हणे?"

"हो. हे सगळं नखाएवढ्या चिपवर मावेल तेव्हा."

"आणि चुकणार?"

"चुकतील तेव्हाही त्यांना खात्रीच असेल."

"तुमच्या वडिलांसारखी. म्हणजे त्यांनी आता कुणाकडेही बोट दाखवलं, या सहा जणांपैकी एखाद्याकडेही, तरी ते धरायचं नाही?"

सुगतने पिंजऱ्याकडे पाहिले. आग लावताना डोळ्यांनी पाहिलेला दुसरा साक्षीदार या खटल्यात नव्हता. मग त्याने मागच्या बाकाकडे पाहिले.

"धरू नये," तो म्हणाला.

न्यायालय जेवणासाठी उठले. जबानी टंकून व्हायची होती. ती वाचून सुगतने सही केली की काम संपणार होते.

व्हरांड्यात चंद्रभान भिंतीला टेकून बसले. मुलाने पुढे केलेला पाण्याचा तांब्या त्यांनी घेतला नाही.

"तुझं मशीन तिथं व्हतं का रे?"

"बाबा, त्या माणसानं तुम्हाला वाचवलंय."

"वाचवलंच की. म्या कवा न्हाई म्हनलं?"

ते उठले आणि एकटेच नळाकडे गेले.

दत्तराव दोन कप चहा घेऊन आले. सुगतने बाकावर सरकून त्यांना जागा केली.

"काका, बाबांचं मनावर घेऊ नका. डोक्याला मार लागलाय, त्याचा घोळ आहे सगळा."

दत्तरावांनी एक कप त्याच्या हातात दिला. आपला खाली फरशीवर ठेवला.

"घोळ न्हाई, लेकरा. बराबर वळखलं त्यानं."

सुगतने कप बाकावर ठेवला.

"घर मोकळं हाय म्हनले व्हते मला," दत्तराव म्हणाले. "आतून पंचफुलाचा आवाज आला, तवर काडी टाकून झाली व्हती."

समोरून वकील आणि पक्षकार जात होते. एकाने दत्तरावांना रामराम घातला. त्यांनी हात जोडले.

"तुझ्या बोलन्यावर म्या सुटतो. ते सहाबी सुटत्यात. जज्जसायबाला जाऊन सांगू म्हनतोस का? तू म्हनशील तसं."

तीन वाजता सुगतच्या नावाचा पुकारा झाला. जबानी तयार होती. शिपायाने दारात येऊन दुसऱ्यांदा नाव घेतले. बाकावरून अजून दोघांपैकी कोणीच उठले नव्हते.