बटणं लावलेला कोट

कोट टेबलावर पडला की जुन्या कपड्यांचा दुकानदार आधी बटणं बघायचा. कापड नंतर, अस्तर त्याच्याही नंतर.

ही खूण त्याच्या बापाकडून आलेली होती. जिवंत माणूस कोट अंगातून काढून देतो, म्हणून बटणं उघडी. मेलेल्याचा कोट बायको नाहीतर आई घेऊन येते. ती तो झटकते, ब्रश मारते आणि गळ्यापासून खालपर्यंत सगळी बटणं लावते, आतल्या माणसाला वारा लागू नये अशी. हे कोणी कोणाला शिकवलेलं नव्हतं. तसा कोट आला की दुकानदार घासाघीस करत नसे. बाई मागेल ते द्यायचं आणि मान खाली घालायची. दुकानात एवढा एकच नियम होता. बाकी सगळी घासाघीसच.

त्या आठवड्यात मात्र सगळे कोट उघड्या बटणांचे येत होते. हाताला अजून ऊब लागायची.

नदीपलीकडच्या वस्तीशी भांडण जुनंच होतं. पूल कोणी दुरुस्त करायचा, एवढंच. पण रविवारी पाळकांनी शुभवर्तमान उघडलं. ज्याच्यापाशी तलवार नाही त्यानं अंगावरचं वस्त्र विकून ती घ्यावी, असं येशूनं शिष्यांना सांगितलं होतं, ते त्यांनी वाचलं आणि ग्रंथ मिटला. पाळकांचा आवाज खणखणीत होता आणि त्यांना मूलबाळ नव्हतं.

सोमवारपासून रांग लागली. माणसं कोट काढून देत आणि शर्टावर कुडकुडत मागच्या गल्लीत जात. तिथे दुकानदाराच्या मेहुण्याचं लोखंडाचं दुकान होतं. परवापर्यंत तो खुरपी आणि बिजागऱ्या विकायचा. आता पायरीवर सहाण मांडून तलवारींना धार लावत बसला होता.

शेजारचा शिंपी यहुदी होता. रांग बघून तो दाराशी आला. "आमच्या ग्रंथात एक संदेष्टा म्हणतो, तलवारी मोडून नांगराचे फाळ करा. दुसरा म्हणतो, फाळ मोडून तलवारी करा. लोहाराला दोघांनीही उपाशी ठेवलं नाही."

"मग खरं कोणाचं धरायचं?"

"पहिला म्हणतो, शेवटच्या काळी होईल. दुसरा म्हणतो, चला, उठा. लोकांना जवळची तारीख बरी वाटते."

दुकानदार हसला. कोट इतके झाले की मागची खोली छतापर्यंत भरली. दुपारी जेवणाचा डबा घेऊन आलेली बायको त्या खोलीत गेली ती बाहेर येईना. तो बघायला गेला. ती जमिनीवर बसून एकेक कोट मांडीवर घेत होती आणि बटणं लावत होती.

"हे काय चाललंय?"

"बायकांचं काम हलकं करतेय. त्यांच्याकडे आणायला कोट कुठे राहिलेत?"

"काहीतरीच अभद्र बोलू नकोस."

"पाळकांनी पुढच्या ओळी वाचल्या नाहीत," ती म्हणाली. "शिष्य म्हणाले, आमच्याकडे दोन तलवारी आहेत. येशू म्हणाला, पुरे. त्यातल्या एकीनं त्याला धरायला आलेल्या एका चाकराचा कान कापला गेला, तोही त्यानंच परत बरा केला."

"मी तलवारी विकत नाही. मी कोट घेतो."

"माझा भाऊही तेच म्हणतो. मी फक्त लोखंड विकतो." तिनं पुढचा कोट ओढला. "आणि आपला लेक?"

"त्याचं काय? त्याच्या अंगात कोट आहे."

तो कोट साऱ्या गावाला माहीत होता. लेक ताडमाड वाढलेला. कुठलाच कोट पुरेना, म्हणून शिंप्यानं राखाडी बाह्यांना तपकिरी पट्टी जोडून दिली होती. हा कोट अंगातून काढायचा नाही, असं बापानं सोमवारीच बजावलं होतं. लेकानं मान डोलावली होती. विशीतली मान, ती कशालाही डोलते. बुधवारपर्यंत रस्त्यात कोट घातलेला माणूस दिसला की पोरं भित्रा, भित्रा म्हणून मागे लागू लागली. लेक दुकानात येईनासा झाला. बापाला वाटलं, बरंच झालं, घरी बसला.

गुरुवारी सकाळी पुलाकडून आरडाओरडा ऐकू आला. मग एकदम शांत झालं. दुकानापुढची रांग त्या दिशेला बघत राहिली, पण जागा कोणी सोडली नाही.

तेवढ्यात बायको आली. डबा नव्हता. ती रांगेत उभी राहिली. पुढच्या दोघांनी निमूट वाट दिली. तिनं हातातला कोट टेबलावर ठेवला. ब्रश मारलेला, नीट घडी घातलेला. राखाडी. बाह्यांना तपकिरी पट्टी.

गळ्यापासून खालपर्यंत सगळी बटणं लावलेली.

दुकानदारानं टेबलाची कड धरली.

"कुठे... कुठे आहे तो?"

"बटणं लावलेला कोट आला की बाई मागेल ते देता ना तुम्ही?"

त्यानं मान खाली घातली. ती घालायची सवयच होती.

"मग वर बघा," बायको म्हणाली. "कोट घरी टाकून त्याच्या मामाच्या दारात, तलवारीच्या रांगेत उभा आहे. मामा भाच्याकडून पैसे घेत नाही. तो मला परत आणून द्या. त्याच्यापुढे दोघंच उरलेत."