हात पाठीमागे

"आहे का कुणी माझ्या तोडीचं?" गोदाक्का फणकारल्या. आज त्यांच्या जागी मोबाइल शिकवणाऱ्या मंडळाची नवी प्रमुख निवडायची होती. अक्का तिसरी शिकलेल्या, पण नियम त्यांचाच: शिकणाऱ्याच्या मोबाइलला शिवायचं नाही, हात पाठीमागे बांधून शिकवायचं.

समोर मंडळातली तस्लीम एका आजोबांना लेकीला व्हिडिओ कॉल लावायला शिकवत होती. आजोबांचं बोट पाचव्यांदा चुकलं, तशी अक्कांनी मोबाइल हिसकावून कॉल लावलाच.

"अक्का, तोडा तो. त्यांचा त्यांना लावू द्या," तस्लीम म्हणाली. "आणि हात पाठीमागे."

अक्कांनी कॉल तोडला.

"कार्टी मलाच नियम शिकवते! लिहा हिचंच नाव."

आजोबांचं बोट पुन्हा चुकलं. पाठीमागे अक्कांनी आपलंच मनगट घट्ट आवळून धरलं.