काचेतले दात

दातांच्या डॉक्टरीणबाई फोटोवाल्याच्या दुकानात शिरल्या त्या फोटो काढायला नव्हे, भांडायला.

"काका, काचेत लावलेले हे फोटो याच गल्लीतल्यांचे ना?"

"अख्खी गल्ली आहे. बसा, चहा घ्या."

काचेत तीसेक चेहरे होते, सगळे हसरे. फोटोवाला कॉम्प्युटरवर दात असे काही उजळायचा, की मागच्या उन्हाळ्यात एक मांजर दूध समजून बाहेरून काच चाटत बसली होती. खोटं वाटत असेल तर तिच्या जिभेचे ओरखडे अजून काचेवर आहेत, कुणीही बघून यावं.

बाई बसल्या नाहीत. "तुमच्या गल्लीच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड फार आहे. पोरांचे दात डागाळतात, मोठ्यांचे सांधे आखडतात. बोअर बंद करून नळ द्या, असा मी अर्ज केला, पाण्याचा रिपोर्ट जोडला. पाणीखात्याच्या साहेबांना म्हणे डोळ्यांनी बघायचं होतं. आले, गाडीतून न उतरता तुमची काच बघितली आणि शेरा मारून गेले. दात उत्तम. कुठे डाग असतील तर ते चहाचे, लोकांनी चहा कमी प्यावा."

फोटोवाला त्यांच्याकडे बघायला स्टुलासकट वळला. चार वर्षांपासून त्याची मान एकटी वळत नसे. गिऱ्हाइकाला मात्र तो दिवसभर मान वर, मान तिरकी सांगत असे.

"म्हणजे चहाचं काहीच नाही?" त्याने हातातल्या कपाला विचारावं तसं विचारलं.

"चहातही असतं. तो या पाण्यात उकळला की दोन्हीकडून मार. पण ही चिमुरडी कुठे चहा पिते?"

दारात फोटोवाल्याची मुलगी उभी होती. कडेवर दीड वर्षाची नात, नातीच्या तोंडात पाण्याची बाटली.

"हिचे दुधाचे दात छान आहेत," बाई म्हणाल्या. "पक्के आत्ता हिरडीत तयार होताहेत, याच पाण्यावर."

मुलीने बाटली काढून घेतली. नातीने भोकाड पसरलं.

"मी वाईट हेतूने केलं नाही हो," फोटोवाला म्हणाला. "पोरी तोंड मिटून बसायच्या. मी म्हणायचो, हसा बिनधास्त, पुढचं माझ्यावर सोडा."

"मूळ फोटो असतील ना?"

"पुसून टाकतो. कुणाचं उणं कशाला साठवायचं?"

बाईंनी कपाळाला हात लावला. "साहेब उद्या परत येताहेत. हातापाया पडून बोलावलंय. यानंतर येणार नाहीत."

फोटोवाला आता मुलीकडे वळला. बोलताना ओठांपुढे हात धरायची तिची सवय शाळेपासूनची. काचेत मधोमध तिचाच फोटो होता, सगळ्यांत पांढरा.

"बस इथे. हात खाली."

"बाबा, अख्खी गल्ली बघेल."

"गल्लीत कुणाचे वेगळे आहेत गं?"

तिने रडणाऱ्या लेकीकडे पाहिलं. तिला बाईंच्या हातात दिलं, स्टुलावर बसली, हात मांडीवर ठेवला आणि हसली.

फोटो कॉम्प्युटरवर आला तसा फोटोवाल्याचा उजवा हात आपसूक दातांकडे निघाला. त्याने तो मांडीखाली दाबून धरला आणि डाव्या हाताने प्रिंट काढली.

मग गल्लीत निरोप गेला. संध्याकाळपर्यंत दुकानापुढे रांग होती. जुने फोटो उतरले, नवे चढले. पिवळे पट्टे, तपकिरी ठिपके, खडबडीत कडा. सकाळचा चहा साय धरून तसाच राहिला.

दिवे लागायच्या वेळी मांजर आली. काचेपुढे बसली, एकेक फोटो नीट बघितला आणि न चाटता निघून गेली.