सेंट बोटॉल्फची बाकं

“उशी नाही मिळणार,” विनिफ्रेडबाई ऑल्डक्रॉफ्ट न्यायाधीशांना म्हणाल्या. “प्रार्थनेला गुडघे टेकायच्या सगळ्या उशा धुवायला दिल्यात. आणि उशी हवी कशाला? माझ्या पणजोबांनी घडवलेली बाकं आहेत ही. अस्सल ओकचं लाकूड. माणसाला ताठ ठेवतं.”

न्यायाधीश हॅलिवेल चर्चच्या बाकावर बसले. ते ताडमाड उंच होते. गुडघे पुढच्या बाकाला टेकले आणि पाठीत कोरीव द्राक्षांचा घड रुतला.

पलीकडे बसलेल्या टोबी पॉस्किट या तरुण पाद्र्याच्या मनात आशेची ठिणगी पडली, आणि लगेच विझली. गाठ विनिफ्रेडबाईंशी होती. ऑल्डरविक गावात त्यांच्याशी वाद घालून आजवर कोणी जिंकलं नव्हतं. नगरपालिकेनं एकदा प्रयत्न केला होता. बसथांबा अजून जागच्या जागी आहे.

चर्च सातशे वर्षांचं. बाकं मात्र व्हिक्टोरिया राणीच्या काळातली. तेव्हा कोणाला तरी वाटलं की गावात भक्ती फार वाढणार आहे, म्हणून दारापासून वेदीपर्यंत बाकंच बाकं ठोकली. मधली वाट इतकी चिंचोळी की शवपेटी नेणारे खेकड्यासारखे तिरपे चालत. भक्ती काही वाढली नाही. आता रविवारी बोटांवर मोजण्याइतकी माणसं येत, आणि असंच चाललं तर कुलूप लावावं लागेल, असं बिशपनी अगदी गोड शब्दांत कळवलं होतं.

टोबींना बाकं काढून खुर्च्या मांडायच्या होत्या. मागे एक शौचालयही हवं होतं. पण जुन्या चर्चमधला खिळा काढायचा म्हटलं तरी धर्मपीठाच्या न्यायालयाची परवानगी लागते. टोबींनी अर्ज केला, आणि आठवड्याभरात ‘बाकं वाचवा मंडळ’ उभं राहिलं. अध्यक्ष विनिफ्रेडबाई, उपाध्यक्ष कर्नल बास्कम.

सुनावणी शाळेच्या सभागृहात घ्यावी, असं टोबींनी सुचवलं होतं. तिथे गादीच्या खुर्च्या होत्या, ऊब होती. विनिफ्रेडबाईंनी ते उडवून लावलं. “ज्याचा निवाडा करायचा, त्याच्यावर बसूनच करावा.” न्यायाधीशांना ते पटलं. चर्चमधली शेगडीही बाईंनी बंद करवली. उष्णतेनं म्हणे ओक तडकतो.

टोबी थोडकंच बोलले, तेही अडखळत. मग विनिफ्रेडबाई उभ्या राहिल्या.

त्यांनी ओकच्या बीपासून सुरुवात केली. तासाभरानं झाड कापायला आलं. मध्येच थांबून त्या थर्मासमधला चहा ओतत. “गारठलात हो तुम्ही. घ्या, आणखी घ्या.” न्यायाधीश सभ्य गृहस्थ होते. ते घेत राहिले.

“विनिफ्रेड,” कर्नल कुजबुजला, “मला दोनच मुद्दे मांडायचेत. कायद्याचे. शेजारच्या गावात याच मुद्द्यांवर बाकं वाचवली मी!”

“बसा हो कर्नल. इथे पणजोबांचं अजून लग्न व्हायचंय.”

पणजोबांचं लग्न झालं. त्यांना मुलं झाली. नोव्हेंबरचा गारवा फरशीतून वर चढला. न्यायाधीशांनी एकदा उजवीकडे रेलून पाहिलं, एकदा डावीकडे. शेवटी त्यांनी हात वर केला.

“इथे... जरा हात धुवायची सोय कुठे आहे?”

“सोय?” बाई म्हणाल्या. “सातशे वर्षांत कोणाला लागली नाही. चहा?”

“माझ्या आराखड्यात आहे, साहेब,” टोबी हळूच म्हणाले.

बुडणारा माणूस होडीकडे बघतो, तसे न्यायाधीश त्यांच्याकडे बघत राहिले. मग बाकाला धरून दुसऱ्या प्रयत्नात उभे राहिले.

“बाकं काढावीत,” ते म्हणाले. “सगळी.”

“पण माझे मुद्दे!” कर्नल ओरडला.

न्यायाधीश तोवर दाराबाहेर पडून थडग्यांमधून पबकडे जवळजवळ पळत निघाले होते. “आणि शौचालय आधी बांधा!” एवढं मात्र ऐकू आलं.

टोबींनी घंटा वाजवायला लावल्या. ऑल्डरविकमध्ये विनिफ्रेडबाई हरल्या होत्या! लोक दुकानांतून बाहेर आले.

बाई थर्मासचं झाकण लावत होत्या. चेहरा दगडी.

“मला वाईट वाटतं, मिस ऑल्डक्रॉफ्ट,” टोबी म्हणाले. जिंकलेल्या माणसाला तेवढं परवडतं.

“वाटायलाच हवं. पणजोबांची होती.” नेहमीप्रमाणे वेदीवरच्या फुलदाणीतलं एक फूल काढून घेऊन त्या निघाल्या. दर रविवारी त्या तसंच करत. टोबी याला काटकसर समजत.

पुढच्या ईस्टरला सेंट बोटॉल्फ ओळखू येईना. बाकांखाली दडलेली जुनी फरशी उघडी पडली होती, उंच खिडक्यांतलं रंगीत ऊन तिच्यावर सांडलं होतं. खांबांच्या रांगा पहिल्यांदाच पायथ्यापासून माथ्यापर्यंत दिसत होत्या. आणि माणसं! मागे उभं राहायलाही जागा नव्हती. वेदीपाशी टोबींची छाती अभिमानानं फुगली होती.

तेवढ्यात दार उघडलं. विनिफ्रेडबाई. सगळे वळून पाहू लागले. कर्नलनं मान खाली घातली.

बाई मधल्या, आता रुंद झालेल्या वाटेनं सरळ पुढे आल्या. त्या चाकांची खुर्ची ढकलत होत्या. खुर्चीत त्यांची बहीण हेस्टर होती. टोबींना ती फक्त बाईंच्या घराच्या खिडकीतून हलणारा हात म्हणून ठाऊक होती. त्या खिडकीत नेहमी एकच फूल असे.

खुर्ची अगदी पहिल्या रांगेत थांबली. हेस्टरनं मान वर करून कोरीव छताकडे पाहिलं.

“विनी,” ती म्हणाली, “देवदूत अजून तिथेच आहेत गं!”

टोबी पायऱ्या उतरून खाली आले. “मिस ऑल्डक्रॉफ्ट... मग तुम्ही विरोध का केलात?”

बाईंनी पिशवीतून गुडघे टेकायची एक उशी काढली, स्वच्छ धुतलेली, आणि बहिणीच्या पाठीशी नीट लावली.

“मी केला नसता तर कर्नलनं केला असता, पाद्रीसाहेब,” त्या म्हणाल्या. “आणि तो जिंकला असता.”