चार वाजता हॉलमध्ये

बाबा गेल्यानंतर आता आईला इथे ठेवायचं की नाही, हे आज ठरवायचंच होतं. दादा आणि मी सकाळपासून त्या वृद्धाश्रमाचा कानाकोपरा पाहत होतो. खोल्यांत भरपूर ऊन होतं, बाथरूममध्ये धरायला दांडे होते, नर्स हाकेच्या अंतरावर होती. पण घरापासून दोन तासांची वाट, आणि एका खोलीत तिघीजणी.

"बाकी सगळं ठीक आहे गं," दादा म्हणाला, "पण आईला इथे करमायचं नाही."

मी आईची व्हीलचेअर हॉलमध्ये नेली. दादा दारातच थांबला. आत वीसेक म्हातारी माणसं पेंगत बसली होती. घड्याळात चार वाजले, आणि सगळ्यांनी एकदम दाराकडे पाहून हात वर केला. दादाला वाटलं, आपल्यालाच बोलावताहेत. तो हसला, मग त्याने मागे वळून पाहिलं. व्हरांडा रिकामा होता.

"रोजचंच आहे हे," नर्स हळूच म्हणाली. "कोण येतं, ते आम्हालाही माहीत नाही."

सगळ्यांच्या नजरा दारातून आत सरकू लागल्या, खुर्च्यांमधून वाट काढत आमच्या दिशेने. नजरा आईपाशी येऊन थांबल्या.

आईने वर पाहिलं. अर्धांगाच्या झटक्याने तीन वर्षं लुळा पडलेला तिचा उजवा हात सावकाश उचलला गेला. कुणीतरी तो हातात घ्यावा तशी तिची बोटं रिकाम्या हवेत मिटली.

"अहो," आई म्हणाली, "किती उशीर केलात!"