तलावाचा पहिला घोट

सकाळी सव्वासातला तिघांनी तलावाच्या पाण्याचे पेले उचलले: गोंडांचे मुखिया लालसू मडावी, कुलगुरू मोहरील आणि महापौर कुंदा ठेमस्कर. तिघांनी मिळून सोडलेल्या जिवाणूंनी तलावातले सगळे प्लास्टिक खाऊन संपवले होते.

महापौरांनी पेला रिकामा केला. लालसूंनी रीतीप्रमाणे आधी पूर्वजांसाठी चार थेंब सांडले.

"दादा, पूर्वज थांबतील, कॅमेरेवाले नाही थांबणार," महापौर हसल्या.

थेंब लालसूंच्या प्लास्टिकच्या चपलेवर उडाले होते. बघता बघता पट्टा विरघळून तुटला.

"साहेब, जिवाणू गाळून काढले म्हणाला होतात ना?" लालसूंनी कुलगुरूंना विचारले.

कुलगुरूंनी आपला भरलेला पेला खाली ठेवला. महापौरांचा हात छातीवर गेला.

"माझ्या हृदयाची झडप प्लास्टिकची आहे," त्या म्हणाल्या.

रुग्णवाहिका लगेच निघाली. शहराच्या नाक्यापर्यंत त्यांची नाडी नियमित होती.