तीनशे बारावं पान

“धर्म बुडाला,” असं धर्मगुरूंनी प्रवचनात जाहीर केलं तेव्हा समोर सतरा माणसं होती. त्यातली सहा झोपली होती.

धर्म बुडवणारी वस्तू म्हणजे एक कादंबरी. नाव ‘मुक्या घंटेचं रहस्य’, पानं सहाशे बारा. तळघरात एका पुजाऱ्याचं प्रेत सापडतं, त्याच्या मुठीत अर्धी पोथी असते, आणि मग एक प्राध्यापक व एक देखणी दुभाषी पुढची साडेपाचशे पानं पळत सुटतात. पोथीचं पहिलं पान थोर धर्माचार्यांनी आठशे वर्षं दडवून ठेवलंय, असा एकूण मामला.

हे पुस्तक पोस्टामागच्या सार्वजनिक वाचनालयात आहे, असं धर्मगुरूंनी बजावलं. डावीकडून तिसरं कपाट, खालून दुसरा कप्पा, लाल पुठ्ठा. त्याला कुणी हात लावू नये. तीनशे बारावं पान तर मुळीच उघडू नये.

झोपलेल्यांपैकी चार जण जागे झाले.

दुसऱ्या दिवशी वाचनालय उघडायच्या आधीच बाहेर नऊ माणसं उभी होती. ग्रंथपाल बाईंना तिथं एकतीस वर्षं झाली होती. दाराशी रांग त्या पहिल्यांदाच पाहत होत्या. एरवी नेमाने येणारे दोघंच. एक निवृत्त सर्वेअर, ते शब्दकोडं सोडवायचे, आणि एक मांजर, ती काहीच सोडवत नसे. सभासद एकसष्ट उरले होते. महिनाअखेर दोनशे झाले नाहीत तर वाचनालय बंद करून जागा वाहनतळाला द्यायची, अशी नगरपालिकेची नोटीस दारावर होती. बाई ती रोज फडक्याने पुसत.

पुस्तकाची प्रत एकच. घरी न्यायची तर सभासद व्हावं लागे. बाईंनी नंबर लावले, प्रत्येकाला दोन दिवस दिले आणि टेबलावर अभिप्रायांची वही ठेवली.

पहिला अभिप्राय सर्वेअरसाहेबांचा. तळघर चाळीस फुटांचं असताना नायक त्यात अकरा मिनिटं सरळ कसा धावतो, असं त्यांनी आकृती काढून विचारलं. एका परिचारिकेने लिहिलं की प्रेत झकास आहे, जिवंत माणसांचं मात्र काही खरं नाही. बेकरीवाल्याला अक्षर न् अक्षर पटलं. त्याला आधीपासून संशय होताच. कशाचा, ते त्याने लिहिलं नाही. त्याच्या सासूबाईंचं म्हणणं वेगळं: पोरगी तीन दिवस उपाशी पळतेय आणि त्या प्राध्यापकाने एकदाही तिला जेवलीस का म्हणून विचारलं नाही, असल्या माणसाला रहस्य सापडलं काय, न सापडलं काय.

तीनशे बाराव्या पानावर एका जिन्याचं वर्णन होतं. फक्त जिन्याचं. लोकांनी ते दोन-दोनदा वाचलं, उजेडाला धरून पाहिलं, आणि खरं पान कुणीतरी बदललंय यावर सगळ्यांचं एकमत झालं.

पुढच्या प्रवचनाला सभागृहात उभं राहायला जागा नव्हती. जिन्याचं काय ते विचारायलाच लोक आले होते. जिन्याबद्दल धर्मगुरू चकार शब्द बोलले नाहीत. एकोणिसावं प्रकरण त्याहून भयंकर आहे, एवढंच म्हणाले.

वाचनालयाची रांग पोस्टापर्यंत गेली. नंबर येईपर्यंत रिकाम्या हाताने कशाला जायचं, म्हणून लोक दुसरी पुस्तकं नेऊ लागले. बेकरीवाल्याच्या सासूबाईंनी तर प्रवासवर्णनांचा अख्खा कप्पा संपवत आणला.

वाचनालयाचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते. त्यांची मात्र झोप उडाली. बाईंनी पुस्तक कपाटात घालून कुलूप लावावं आणि धर्मगुरूंची लेखी माफी मागावी, असं ते रोज येऊन सुचवायचे. माफीचा मसुदाही त्यांनी आणला होता.

“माझे निम्मे पेशंट त्यांचे भक्त आहेत, बाई,” ते म्हणाले.

“मग निम्मे राहतीलच की, डॉक्टर.”

“चेष्टा नको. ते एवढे पेटलेत, आणि तुम्ही ढिम्म.”

“पुस्तक यादीत आहे. मागेल त्याला द्यायचं, एवढंच माझं काम,” बाई म्हणाल्या आणि पुढच्या माणसाच्या कार्डावर शिक्का मारला.

महिनाअखेरीला नगरपालिकेचा निरीक्षक आला. त्याने कार्डं मोजली. पुन्हा मोजली. दोनशे त्रेचाळीस भरली. त्याने दारावरची नोटीस स्वतःच्या हाताने काढली आणि मग जरा घुटमळत विचारलं की त्या लाल पुस्तकाला साधारण कितवा नंबर लागेल. बाईंनी त्याला दोनशे चव्वेचाळिसावं कार्ड करून दिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, डॉक्टरांना खिडकीतून धर्मगुरू गल्लीत वळताना दिसले. एकटेच होते, पण चाल अशी की डॉक्टरांनी मसुदा खिशातून बाहेरच काढला.

“बाई, तुम्ही मागच्या दाराने निघा. मी सांभाळतो.”

“डबा अर्धा राहिलाय माझा,” बाई म्हणाल्या.

धर्मगुरू आत आले. डॉक्टरांनी नमस्कार केला आणि मसुदा पुढे धरला. धर्मगुरूंनी तो न वाचताच घडी घालून परत दिला. बाईंशी दोन शब्द एकट्याने बोलायचेत, असं ते शांतपणे म्हणाले. तो शांतपणा डॉक्टरांना अजिबात आवडला नाही. त्यांनी बाईंकडे एकदा डोळे भरून पाहिलं आणि ते बाहेर जाऊन पायरीवर उभे राहिले.

धर्मगुरूंनी दाराला आतून कडी लावली, खुर्ची ओढली, चष्मा काढून उपरण्याने पुसला.

“सहाशे बारा पानं वाचून डोळ्यांचं पार पाणी झालं, बाई,” ते हळूच म्हणाले. “पुढच्या महिन्याच्या निषेधाला जरा पातळ पुस्तक काढाल का?”